फोटोपुरतं चिलखत

आधी पेंटरकाकांचं सांगते. काय घडलं ते मागून. उलट सांगायला बसले तर त्यांचा भाग शेवटी येईल, आणि तिथवर माझा धीर टिकेल की नाही मलाच ठाऊक नाही. मी आज पांढरकवड्यातल्या फोटो स्टुडिओत ज्या खुर्चीवर बसून काम करते, ती खुर्ची माझ्याकडे राहिली ती त्यांच्यामुळे.

मी सांगलीकडच्या कोरड्या भागातली. आठवीत शाळा सुटली. आई अंथरुणाला लागली होती आणि धाकट्या दोघांचं बघायला कुणीतरी पाहिजे होतं, ते कुणीतरी म्हणजे मी. लग्नानंतर नवऱ्याला इथल्या हायवेवरच्या गॅरेजात काम मिळालं आणि आम्ही महाराष्ट्राच्या या टोकाला येऊन पडलो. मामेभावाच्या दुकानात फोटो नीट करायचं थोडं शिकले होते, तेवढ्या भांडवलावर स्टुडिओत चिकटले. अजूनही मालक नुसते माझ्या मागे येऊन उभे राहिले तरी माझा माऊस थांबतो. फाईल सेव्ह केली का, हे मी तीनदा बघते. दुकानातून निघाल्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते आणि कुलूप ओढून बघते. आठवी शिकलेल्या बाईला चूक परवडत नाही, असं मला वाटतं.

पेंटरकाका स्टुडिओत माझ्या जन्माआधीपासून होते. पूर्वी काळे-पांढरे फोटो हाताने रंगवायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांनी त्यांना काढलं नाही, खिडकीजवळ एक स्टूल दिलं. फ्रेमा ठोकायच्या, काचा पुसायच्या, आणि कधी जुनं गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर ब्रशने चित्र करून द्यायचं. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही. एकदा मी आग्रह केला तर माऊस उलटा धरला आणि म्हणाले, "हा उंदीर तुलेच लखलाभ, बाई."

आमच्याकडे जास्त काम मेलेल्या माणसांचं. तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या दिवशी, हार घालायला मोठा फोटो लागतो. घरात फोटो असतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नात जेवताना निघालेला. आम्ही तोंड कापून घेतो आणि कोट चढवतो. कॉम्प्युटरवर कोटांची एक फाईलच आहे: काळा कोट लाल टाय, निळा कोट, जाकीट, फेटा. ज्याने जन्मभर बनियनवर नांगर धरला त्यालाही आम्ही कोट घालतो. काही वेळा तर फोटो मेल्यानंतरचाच असतो. मग डोळे उघडावे लागतात. दुसऱ्या कुणाचे तरी डोळे आणून तिथे बसवायचे. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा एका म्हातारीला एका नवरदेवाचे डोळे लावले होते. घरच्यांना फार आवडलं. मला मात्र ती म्हातारी बाजारात दिसायची, आणि माझ्याकडे नवरदेवासारखी बघायची.

"भेव वाटते?" काकांनी विचारलं होतं.

"हो."

"वाटू दे. ज्याले वाटत नाही तो चेहरा बिघडोते."

काकांजवळ एक जाडजूड पुस्तक होतं. नागपूरला रद्दीत मिळालेलं, परदेशी चित्रांचं. त्यातली अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, मलाही नाही. गिऱ्हाईक नसलं की दुपारी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. त्यात जुन्या काळचे सरदार, सेनापती होते. कुरळे केस, गळ्याशी पांढरी जाळीदार कॉलर, कमरेला लाल पट्टा, एका हातात आखूड काठी, आणि अंगावर लोखंडी चिलखत. मागे लांब कुठेतरी लढाई चाललेली, धूर, मुंगीएवढे घोडे. शिरस्त्राण डोक्यावर नाही, बाजूला टेबलावर काढून ठेवलेलं.

"डोकंच उघडं ठेवलं यानं," मी म्हटलं.

"मंग तोंड कसं दिसंन? तोंडासाठीच तर हे सारं." काका हसले. "एका कॉलेजच्या सरानं मले हे वाचून सांगतलं होतं. तवा बंदुका आल्त्या. गोळी लोखंडातून आरपार जाये. लढाईत कोणी असं नखशिखांत घालत नव्हतं. पण चित्र काढाले बसला की घाले. लोखंड म्हणते, याले काही होत नाही. याच्या बापाले झालं नाही, आज्याले झालं नाही, याले होणार नाही. अन् हे पाह्य." त्यांनी एका सेनापतीच्या छातीवर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"चमक."

"कायची चमक? नीट पाह्य."

मी वाकून बघितलं. छातीच्या लोखंडावर एक चौकोनी उजेड होता, मधे एक आडवी, एक उभी रेघ.

"खिडकी," मी म्हटलं.

"हो ना बाप्पा! मागं लढाई, धूर, घोडे. अन् छातीत खिडकी. मंग गडी उभा कुठी हाय? खोलीत. चित्रकारानं सेनापतीले सोडलं नाही बरं. जे दिसलं ते काढलं." मग त्यांनी दोन पानं उलटली. "अन् याच्या खांद्याचं बक्कल पाह्य, अन् त्याच्या खांद्याचं पाह्य. सारखं. सर म्हणत होते, चित्रकाराच्या घरी एक चिलखत खुंटीले टांगून राहे. जो येईन त्याच्या अंगावर तेच."

"आपल्या कोटासारखं."

"आपल्या कोटासारखं," काका म्हणाले आणि पुस्तक मिटलं. तेव्हा मला गंमत वाटली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, पावसाळ्यात, मालक झरी जामणीकडच्या एका गावात फोटो काढायला गेले. कापसावर औषध फवारणाऱ्या मजुरांना किट वाटायचा कार्यक्रम होता. पांढरा अंगभर झगा, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा. आजूबाजूच्या प्रत्येक गावातून, तांड्यावरून एकेक माणूस बोलावला होता. मालकांनी कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात दिलं. "नऊ फोटो आहेत, फ्लेक्स होणार आहे. साफ कर. डाग काढ. चष्म्यावरची चमक काढ, डोळे दिसले पाह्यजे."

मी काम केलं. पहिल्या माणसाच्या झग्यावर छातीच्या डाव्या बाजूला शाईचा निळा ओरखडा होता, तो पुसला. दुसऱ्याच्या झग्यावरचा पुसला. तिसऱ्याच्या. नऊच्या नऊ पुसले, आणि चष्म्यातली चमक नऊ वेळा काढली. हात काम करत होता आणि मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते. फोटो झकास झाले. मालक म्हणाले, "शाबास," आणि त्या एका शब्दावर मी आठवडाभर हलकी होते.

दसरा जवळ आला तेव्हा एक म्हातारे बाबा दुकानात आले. बंजारा तांड्यावरचे. त्यांचा मुलगा फवारणीला मजुरीने जायचा. डोक्यावर गेलेल्या कापसात सलग तीन दिवस फवारत होता. घरी आला तो डोळ्यांना धुरकट दिसतंय म्हणत, मग उलट्या. दवाखान्यात नेला, तिथून आला नाही. बाबांनी पिशवीतून एक छापलेला कागद काढला. त्या नऊ जणांतला तो पाचवा.

"हाच फोटो मोठा कर, बाई," ते म्हणाले. "यात थो सायबासारखा दिसते. असा सरळ कधी उभा नाही राह्यला माहा पोरगा."

खरंच तो सरळ उभा होता. मास्क हनुवटीखाली ओढलेला, छाती पुढे, एका हातात फवारणीची नळी आखूड काठीसारखी धरलेली. मी कागद बघितला आणि मला काकांच्या पुस्तकातलं पान आठवलं. माझ्या डोक्यात कल्पना आली, आणि आज ती आठवली की मी लाजेने अर्धी होते. मी त्याला सेनापती केलं. चष्मा कपाळावर चढवला, डोळे बाबांजवळच्या त्याच्या आधार कार्डावरून घेतले, झग्याला इतका पांढरा उजेड दिला की तो लोखंडासारखा लखलखायला लागला. मागे कापसाचं रान लांब, धुक्यात. कोटापेक्षा हे किती मोठं, असं मला वाटत होतं. काकांना दाखवलं. ते हातातली फ्रेम खाली ठेवून बघत राहिले.

"चांगलं नाही झालं?"

"लय चांगलं झालं," ते म्हणाले. "म्हणूनच भेव वाटते."

बाबांनी फ्रेम छातीशी धरून नेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच फ्रेम परत आली. साडीच्या पदरात गुंडाळून बाबांची सून घेऊन आली होती. विशीतली बाई, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. तिने फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली.

"हे त्याच्या अंगावरून काढून टाका, ताई."

"काय?"

"हे पांढरं. लोकं येते भेटाले, फोटो पाह्यते, अन् म्हणते, एवढं किट देल्लं होतं सरकारनं, मंग घातलं काहून नाही? एक म्हणे, आळशी होता. एक म्हणे, विकून खाल्लं असंन. माह्यासमोर म्हणते." तिचा आवाज चढला नाही, तेच ऐकवत नव्हतं. "त्याले देल्लंच नाही. थो त्या दिवशी घरी आला तं हातात एक केळं अन् बिस्किटाचा पुडा. म्हणे, मागून देणार हाय. मागून कोणी आलं नाही. पण आता फोटो हाय ना! फोटोत घातलेलं हाय. माहं कोण ऐकते?"

मुलगी तिचा पदर ओढत होती. "याडी, बाबाजवळ हे होतं का?" तिने आईला विचारलं.

"नव्हतं."

"मंग फोटोत?"

आईने माझ्याकडे बघितलं, जसं काही उत्तर मी द्यायचं होतं. आणि ते बरोबरच होतं. मेलेल्या माणसाला जाता जाता आळशी, चोर ठरवायचं काम मी केलं होतं, आणि ती पोर त्याच फोटोखाली मोठी होणार होती.

मी म्हटलं, उद्या या. त्या गेल्यावर मी काकांना सगळं सांगितलं, नऊ ओरखडे पुसल्याचंही. तोपर्यंत मी ते कुणाला बोलले नव्हते, कारण त्यात काही बोलण्यासारखं आहे हेच मला कळलं नव्हतं.

"मूळ फोटो हायेत का?" काकांनी विचारलं.

होते. कार्डावरून उतरवलेले तसेच, जुन्या डिस्कवर. मालक बँकेत गेले होते, दुपारचं ऊन काचेतून टेबलावर आलं होतं. मी नऊ फोटो शेजारी शेजारी लावले. माणसं नऊ. छातीवरचा निळा ओरखडा एक. त्याच जागी, तसाच, शेपटी खाली वळलेला. उजवी बाही सगळ्यांची एकदा दुमडलेली. बुटक्याला झगा पायात लोळत होता, उंचाला घोट्याच्या वर.

"चष्मा मोठा कर," काका म्हणाले. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी पाचव्या माणसाचा चष्मा मोठा करत गेले. काचेवर तो उजेड होता, जो मी चमक म्हणून पुसला होता. उजेडात मंडप. मंडपात रांग. चार माणसं, साध्या सदऱ्यात, उघड्या तोंडाने वाट बघणारी. आणि पलीकडे, ज्यांचे फोटो काढून झाले होते ती चार, पुन्हा आपापल्या सदऱ्यात, हातात केळं आणि बिस्किटाचा पुडा.

मग काका म्हणाले, "खुंटी. झगा एकच."

"ती सगळी माणसं त्याच्या डोळ्यांवर होती काका, आणि मी पुसली."

"पुसली कुठी? हे काय, इथंच हायेत. काढ कागदावर."

मी प्रिंटरला हात लावला नाही. फोटो ज्यांनी काढून घेतले त्यांचे. बाहेर दिले तर मालक मला एक दिवस ठेवणार नाहीत. नवऱ्याच्या हातावर त्याच महिन्यात जॅक निसटून पडला होता, तो घरी बसून होता. मी हे सगळं काकांना सांगितलं, भरभर, एकात एक.

"तू फकस्त काढ," ते म्हणाले. "द्याचं काम माह्यं."

मी काढले. नऊ फोटो आणि तो एक चष्मा, कागदभर मोठा.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा काकांनी तिला स्टुलावर बसवलं आणि समोर कोरा कागद घेतला. माझ्या कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. "फवारणीले जाताना तो काय घाले, बाई?"

"जुना सदरा. चौकडीचा."

"तोंडाले?"

"माह्या साडीचा तुकडा बांधे. हिरवा. मीच फाडून देल्ला होता." ती थांबली. "घरी आला की गळ्यात ओढून घे, अन् पाणी मागे."

"तसाच काढतो. गळ्यात ओढलेला."

तीन दुपारी काका ते चित्र करत होते. त्यांचा हात आता हलतो. म्हणून मनगट डाव्या हाताने धरून काढायचे. ती रोज येऊन बसायची आणि मधेच म्हणायची, "नाक एवढं नाही," "केस इकडं नव्हते." एकदा काका वैतागून म्हणाले, "मंग तूच काढ ना!" तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि लगेच पदर तोंडाशी नेला. चित्रात काही चमकत नव्हतं. चौकडीचा विटका सदरा, हिरवं फडकं, डोळे जरा लालसर. त्या माणसाला सगळं होऊ शकत होतं, हे बघताक्षणी कळायचं. शेवटच्या दिवशी तिने चित्र हातात घेतलं आणि एका बोटाने त्याच्या कानाला हात लावला.

"कान असाच वाकडा होता," ती म्हणाली. "फोटोत कोणी वाकडा ठेवत नाही."

काकांनी नऊ फोटोंचा लिफाफा तिच्या हातात दिला आणि चष्म्यात काय बघायचं ते समजावलं. मुलीने कागदावर नाक टेकवून रांगेतली माणसं मोजली. "याडी, यायच्या हातात बी केळंच हाय," ती म्हणाली. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

पुढचं मला बाबांकडून कळलं. तेरवीला चित्र मधे ठेवलं आणि खाली पाटावर ते नऊ फोटो मांडले. जो आला त्याने बघितलं. विकून खाल्लं म्हणणारा माणूसही आला, बराच वेळ वाकून बसला, आणि जेवण न घेता गेला. तांड्यावर पुन्हा कुणी ते बोललं नाही.

किट वाटप करणाऱ्यांचा मालकांना फोन यायला चार दिवस लागले. मालकांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"ते फोटो कोणी बाहेर देल्ले?"

मी लॅमिनेशनच्या मशीनजवळ उभी होते. मशीन तापलेलं होतं. मी हातातला कागद आत सरकवला.

"म्या देल्ले," काका म्हणाले.

"काढले कोणी?"

"म्याच काढले."

मालकांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, काकांच्या रंग लागलेल्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं, खात्रीने सांगते. पण एकाला काढलं की फोनवर उत्तर देता येत होतं, आणि फोटो साफ करणारी मी त्यांना हवी होते. "उद्यापासून येऊ नका, काका," ते म्हणाले. काकांनी ब्रश फडक्यात गुंडाळले, पुस्तक काखेत घेतलं. मी दारापर्यंत गेले.

"का केलं काका असं?"

"माहे सारे इथंच हायेत. तुहं इथं कोण हाय?" ते म्हणाले. "अन् रडू नको, गिऱ्हाईक आलं."

खरंच गिऱ्हाईक आलं होतं, पासपोर्ट फोटोसाठी. त्याचा सदरा पांढरा होता. मी त्याचा फोटो उघडला आणि माझी नजर छातीच्या डाव्या बाजूला गेली. तिथे काही नव्हतं. तेव्हापासून रोज जाते. शेजारणीने दोरीवर वाळत घातलेला पांढरा कुर्ता वाऱ्याने फुगला की आत कुणाचं तरी डोकं येईल म्हणून मी वाट बघत उभी राहते. कुणी गॉगल घालून दुकानात आलं तर मी त्याच्याशी नीट बोलूच शकत नाही. काचेत मागची माणसं शोधत राहते. कोट चढवते अजून, ते कामच आहे. पण डाग पुसायच्या आधी आता विचारते, हा कशाचा.

काका राजूरला लेकीकडे असतात. जावई कोळशाच्या खाणीत आहे. मी एकदा जाऊन आले. खिडकीत बसले होते, चित्र काढत नव्हते. काम नाही म्हणून हात जास्तच हलतो, असं लेक म्हणाली. मी मालकांचा विषय काढला तर म्हणाले, "झालं थे झालं. तू आपली खुर्ची सांभाळ."

सांभाळते आहे, काका. नवऱ्याचा हात अजून पुरता चालत नाही, म्हणून आज सांगत नाही. पण एक दिवस भर दुकानात, गिऱ्हाईक असताना, मालकांना सांगेन की ते फोटो मी काढले, नऊच्या नऊ आणि तो चष्मा. मग ते मला काढोत की ठेवोत. तुम्ही माझ्यासाठी अंगावर घेतलेलं मी तुमच्या अंगावर राहू देणार नाही. शब्द देते.